कुर्ल्या खाव्यात की नाही, आणि संपूर्ण बायबल कसं वाचावं

सलाम भाऊ,

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही देवगडकडच्या खाडीकाठचे. बायबल पहिल्यांदाच उत्पत्तीपासून सलग वाचायला घेतलंत आणि लेवीय या तिसऱ्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायापाशी अडलात. पाण्यातल्या ज्या जीवांना पंख आणि खवले नाहीत ते खाऊ नका, असं तिथे आहे. प्रार्थनासभेला आलेल्या एका प्रचारकांनी सांगितलं की देवाचं वचन बदलत नाही, तेव्हा कुर्ल्या, सुंगटं, तिसऱ्या, सगळं बंद. तेव्हापासून तुमच्या आईने कुर्ल्या सोडल्या. दुसरे पाळक म्हणाले, जुना करार आपल्यासाठी नाहीच. नवा करार आणि स्तोत्रं वाचा, तेवढं पुरे. दोघांच्याही हातात बायबलच होतं. मग ऐकायचं कुणाचं आणि वाचायचं कसं, हा तुमचा प्रश्न.

रत्नागिरी-सिंधुदुर्गात मंडळ्यांमधून आणि घराघरांतून मी बरीच वर्षं बायबलचा अभ्यास घेते. हाच प्रश्न कधी शब्बाथावरून (विश्रांतीच्या दिवसावरून) येतो, कधी दशमांशावरून (उत्पन्नाचा दहावा भाग देण्यावरून), कधी गोंदणावरून. म्हणून कुर्ल्यांचं उत्तर देईनच, पण त्याआधी खरी अडचण कुठे आहे ते सांगते. त्या दोघा उपदेशकांची मतं उलट असली तरी पद्धत एकच होती. एकाने वचन उचलून जसंच्या तसं आजच्या दिवसाला लावलं, दुसऱ्याने उचलून बाजूला ठेवलं. ते वचन बायबलमध्ये कुठे उभं आहे, त्याच्या आधी काय झालं आणि पुढे त्याचं काय झालं, हे कुणीच पाहिलं नाही.

आपल्याकडे जमिनीचं उदाहरण सगळ्यांना कळतं. सातबाऱ्यावर एक नाव दिसलं म्हणून तेवढ्यावर कुणी व्यवहार करत नाही. मागचे फेरफार काढतो: कुणाकडून कुणाकडे आलं, वाटणी कधी झाली, कुठला बोजा उतरला, कुठला अजून आहे. बायबलमध्ये देवाने नोहाशी करार केला, अब्राहामाशी केला, सीनाय पर्वतावर इस्राएलाशी केला, दाविदाला वचन दिलं, यिर्मयाच्या ३१ व्या अध्यायात नवा करार करीन म्हणाला, आणि शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूने प्याला हातात घेऊन तो नवा करार आपल्या रक्तात आहे असं सांगितलं. कुठलीही आज्ञा वाचताना ती यातल्या कुठल्या टप्प्यावर दिली गेली आणि पुढच्या टप्प्यांवर तिचं काय झालं, हे बघावंच लागतं. हे फार विद्वत्तेचं काम नाही. वहीत लिहीत गेलं की साध्या माणसाला जमतं.

तुमचाच प्रश्न घेऊन करून दाखवते, कारण अन्नाचा धागा उत्पत्तीपासून पत्रांपर्यंत अखंड जातो.

उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात माणसाला अन्न म्हणून वनस्पती आणि फळं दिली आहेत. जलप्रलयानंतर, नवव्या अध्यायात, देव नोहाला सांगतो की चालणारा-हलणारा प्रत्येक जीव तुमचं अन्न होईल, फक्त रक्तासकट मांस खाऊ नका. म्हणजे खवल्यांची अट मुळात सगळ्या मानवजातीवर नव्हती. ती येते मिसरातून (इजिप्तमधून) सोडवून आणलेल्या एका लोकसमूहासाठी, सीनायपाशी. का आली? लेवीय ११ च्या शेवटी कारण दिलंय: मी पवित्र आहे म्हणून तुम्ही पवित्र व्हा. आणि विसाव्या अध्यायात ते जास्त उघड होतं. मी तुम्हाला इतर राष्ट्रांपासून वेगळं केलं आहे, म्हणून तुम्ही शुद्ध आणि अशुद्ध प्राण्यांत भेद करा, असं देव म्हणतो. ताटातला भेद हा माणसांतल्या वेगळेपणाची रोजची खूण होता. पुष्कळ लोक या नियमांत आरोग्याची कारणं शोधतात. त्या अध्यायात तसं कारण दिलेलं नाही.

आता पुढे या. मार्क ७ मध्ये येशू सांगतो की बाहेरून आत जाणारं काही माणसाला विटाळवत नाही, आतून बाहेर येणारं विटाळवतं. आणि त्याने असं म्हणून सगळं अन्न शुद्ध ठरवलं, अशी नोंद तिथेच आहे. मग प्रेषितांची कृत्ये, दहावा अध्याय. हा मात्र सावकाश वाचा. येशूचा शिष्य पेत्र याफो बंदरात, समुद्राकाठी, चामडं कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी उतरला आहे. छतावर प्रार्थना करताना त्याला दर्शन होतं: चादरीसारखं काहीतरी उतरतं, त्यात सगळ्या तऱ्हेचे प्राणी, आणि वाणी म्हणते, मार आणि खा. पेत्र नको म्हणतो. दर्शन संपतं न संपतं तोच कैसरीयाहून कर्नेल्य नावाच्या रोमी शताधिपतीची माणसं दारात उभी राहतात. पेत्र त्यांच्याबरोबर त्या परक्याच्या घरी जातो आणि दर्शनाचा अर्थ स्वतः सांगतो: कुठल्याही माणसाला अशुद्ध म्हणू नये, हे देवाने मला दाखवलं. लेवीय २० मध्ये प्राण्यांतला भेद आणि माणसांतलं वेगळेपण एकत्र बांधलेलं होतं. इथे दोन्ही एकत्रच सोडवलेलं आहे. लेवीय न वाचता हा अध्याय वाचणाऱ्याला फक्त खाण्याची सूट दिसते.

याच याफोची आणखी एक गोष्ट. परक्या निनवेवर देव दया करील हे नको म्हणून योना ज्या बंदरातून गलबतावर चढून पळाला, ते हेच बंदर. परक्यांवरची दया टाळायला एक जण इथून निघतो, आणि कैक शतकांनी दुसऱ्याला त्याच गावातून परक्याच्या घरी पाठवलं जातं. अशा जागी आले की मी वाचन थांबवते आणि गटातल्या सगळ्यांना योनाचं पुस्तक उघडायला लावते. चारच अध्याय आहेत.

कृत्यांच्या पंधराव्या अध्यायात यरुशलेमेत सभा बसते: यहूदी नसलेल्या विश्वासणाऱ्यांवर मोशेचं सगळं नियमशास्त्र लादायचं का? नाही, असं ठरतं. मूर्तींना वाहिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि व्यभिचार, एवढं मात्र टाळा. कुर्ल्यांवर बंदी नाही. हा तुमच्या प्रश्नाचा सरळ निकाल: तुम्ही कुर्ल्या खाऊ शकता.

पण आईवर हा निकाल आपटू नका. रोमकरांस पत्राचा चौदावा अध्याय नेमका अशाच घरासाठी आहे. खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष देऊ नये, आणि मनात शंका असताना खाणं योग्य नाही, असं ते पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे सांगतो. त्यांना कृत्ये १० वाचून दाखवा, एकदा नव्हे, सवडीने दोन-तीनदा. त्यांचं मन मोकळं झालं तर खातील. नाही झालं तरी त्यांच्या विश्वासात काही कमी नाही. न खाण्याने आपण देवाला जास्त प्रिय होतो, असं त्यांना वाटू लागलं असेल तर मात्र बोलायला हवं, कारण पौलाने गलतीकरांस लिहिलेलं पूर्ण पत्र त्याच समजुतीविरुद्ध आहे.

ओघात सांगते, गणपतीत शेजारून येणाऱ्या मोदकांबद्दलही मला विचारतात. त्याला मी सगळ्यांना एकच उत्तर देत नाही. मूर्तीला वाहिलेल्या अन्नाबद्दलचे १ करिंथ ८ ते १० हे अध्याय सलग वाचले तर पौलही देत नाही. तीन पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या माणसाची विवेकबुद्धी वेगळी, काल-परवा विश्वासात आलेल्याची वेगळी. मंडळ्यांचीही मतं वेगळी. आपल्या पाळकांशी बोला आणि शेजाऱ्याचं प्रेम दुखावणार नाही अशा रीतीने वागा.

आता त्या दुसऱ्या पाळकांचं म्हणणं: जुना करार नकोच. हे मला पहिल्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, म्हणतो की तुला बालपणापासून पवित्र शास्त्र माहीत आहे. त्या मुलाने बालपणी शिकलेलं शास्त्र म्हणजे आपण ज्याला जुना करार म्हणतो तेच. नवा करार तेव्हा लिहून व्हायचा होता. पुनरुत्थानानंतर अम्माऊसच्या वाटेवर येशूने मोशे आणि सगळ्या संदेष्ट्यांपासून सुरुवात करून स्वतःविषयीच्या गोष्टी उलगडून सांगितल्या. त्यानेच जिथून सुरुवात केली ते आपण कसं वगळणार? आपल्या किनाऱ्यावर तर हे फार आधी ओळखलं गेलं होतं. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली मराठी ओव्यांत ख्रिस्तपुराण छापलं, तेव्हा पहिला भाग त्यांनी जुन्या कराराच्या कथेला दिला आणि येशूचं चरित्र दुसऱ्या भागात ठेवलं.

लेवीयचंच घ्या. ज्या पुस्तकामुळे तुम्ही अडलात, त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात ‘आपल्या शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा आहे, जी येशूने सगळ्यांत मोठ्या दोन आज्ञांत धरली. तिथेच सांगितलंय की मजुराची मजुरी रात्रभर, सकाळपर्यंत स्वतःजवळ ठेवू नको. तिथेच सांगितलंय की परदेशी तुमच्यात राहत असेल तर त्याला छळू नका, त्याला तुमच्यातलाच माना, कारण तुम्हीही मिसरात परदेशी होता. कापणीच्या वेळी शेताच्या कडा गरिबांसाठी सोडा ही आज्ञाही तिथलीच, आणि तिच्याच आधारावर रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला जाते. याकोबाच्या पत्राचा पाचवा अध्याय अडवलेल्या मजुरीवर तुटून पडतो तो याच पायावर. हापूसच्या बागांत राखणीला असलेले आणि बोटींवर खलाशी म्हणून येणारे नेपाळी कामगार समोर आणा आणि हा अध्याय पुन्हा वाचा. हंगाम संपेपर्यंत त्यांचे पैसे अडकवून ठेवणारा बागायतदार रविवारी पहिल्या बाकावर बसत असेल, तर लेवीय आपल्याला लागू नाही असं त्याला सांगायची माझी तयारी नाही.

मग त्याच अध्यायातला दोन जातींच्या सुतांचं कापड न घालण्याचा नियम? पुन्हा तेच काम: मागचं-पुढचं काढा. प्रीती आणि मजुरीची आज्ञा येशू आणि प्रेषित पुढे नेतात, जास्त कडक करतात. कापडाचा नियम कुणी पुढे नेत नाही. यज्ञ आणि याजकपण यांबद्दल इब्री लोकांस पत्र सांगतं की ते ख्रिस्तात पूर्ण झालं. म्हणून लेवीय १६, प्रायश्चित्ताचा दिवस, आणि इब्री ९ एकाच बैठकीत वाचावेत. असं केलं की लेवीय कोरडं राहत नाही. नियमशास्त्राचा कुठला भाग आज कसा बांधतो, याबाबत मंडळ्यांमध्ये प्रामाणिक मतभेद आहेत, विशेषतः शब्बाथाबद्दल, आणि ते माझ्या उत्तराने मिटणारे नाहीत.

आता भिंतीवरच्या वचनांबद्दल बोलणं भाग आहे. आपल्यापैकी बहुतेकांचं बायबल कॅलेंडरवर, फ्रेमवर आणि मोबाइलवर येणाऱ्या एकेका वचनातून तयार झालेलं असतं. त्या वचनांनी आजारपणात, बोट वादळात असताना, माणसांना धरून ठेवलंय. मी त्यांचा अनादर करत नाही. पण ईयोब ८:७ बघा: तुझा आरंभ लहान असला तरी तुझा शेवट फार मोठा होईल. दुकानाच्या उद्घाटनाला, लग्नाच्या पत्रिकेवर हे असतं. बोलतंय कोण? ईयोबाला भेटायला आलेल्या मित्रांपैकी एक, बिल्दद. कुणाशी? ज्याची मुलं नुकतीच मेली त्या ईयोबाशी. आणि तीनच वचनं आधी तो म्हणतो की तुझ्या मुलांनी पाप केलं असेल म्हणून देवाने त्यांना शिक्षा दिली. पुस्तकाच्या शेवटी, ४२ व्या अध्यायात, देव सांगतो की हे मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत. एखादं वाक्य बायबलमध्ये आहे, एवढ्याने ते देवाचं अभिवचन होत नाही. कोण बोलतंय, आणि पुस्तक त्याच्याकडे कसं पाहतं, ते बघायचं.

यिर्मया २९:११ चं वेगळं आहे. ‘तुमच्याविषयी माझ्या मनात असलेले संकल्प हिताचे आहेत’ हे खरोखर देवाचं बोलणं आहे. पण ते पत्रातलं वाक्य आहे, इ.स.पूर्व ५९७ मध्ये यरुशलेमेतून बाबेलला (बॅबिलोनला) कैद करून नेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रातलं. आदल्याच अध्यायात हनन्या नावाचा संदेष्टा दोन वर्षांत सगळं परत मिळेल असं सांगून टाळ्या घेतो. यिर्मया म्हणतो, सत्तर वर्षं. तोवर तिथे घरं बांधा, बागा लावा, लग्नं करा, ज्या शहरात नेलं त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. पत्र ऐकणाऱ्या प्रौढांपैकी बहुतेक जण परत जाणार नव्हते. हे कळलं की ते वचन लहान होत नाही. उलट मुंबईत चाळीत संसार मांडून बसलेल्या आणि गावचं घर बंद पडलेल्या माणसाला ते जास्त काही देतं: नोकरी उद्या लागेल याची हमी नव्हे, तर उशीर लागला तरी देवाने सोडलेलं नाही याची खात्री, आणि आहे त्या जागी नीट राहण्याची आज्ञा.

लिखाणाचा प्रकार ओळखणंही यातच येतं. शास्त्यांच्या पुस्तकात इफ्ताहाने केलेला नवस, ज्यापायी त्याच्या मुलीवर संकट ओढवलं, तो आदर्श म्हणून दिलेला नाही. त्या काळी प्रत्येक जण आपल्याला बरं दिसेल ते करत होता, असं ते पुस्तक शेवटी स्वतःच म्हणतं. नीतिसूत्रं सर्वसाधारणपणे जग कसं चालतं ते सांगतात, आणि त्यांचा अपवाद ईयोब सांगतो. प्रकटीकरण तर आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिलेलं आहे आणि त्यातल्या बऱ्याच प्रतिमा निर्गम, यहेज्केल आणि दानीएलमधून येतात. ती पुस्तकं न वाचता त्यातला ६६६ हा आकडा आजच्या कुठल्या कार्डाशी जोडणारे संदेश फिरतात, ते पुढे पाठवू नका.

वाचायचा क्रम? हा माणसावर अवलंबून आहे. रोज पाऊण तास मिळत असेल आणि वाचायची सवय असेल तर उत्पत्तीपासून सलग जा. प्रोटेस्टंट बायबलचे ११८९ अध्याय आहेत, दिवसाला तीन-चार केले की वर्षात होतात. पण पहिल्यांदा वाचणाऱ्याला मी वेगळा रस्ता सुचवते. आधी लूक आणि प्रेषितांची कृत्ये, एकाच लेखकाची दोन पुस्तकं, थेफिलाला लिहिलेली. मग उत्पत्ति, आणि निर्गम विसाव्या अध्यायापर्यंत. तिथून अनुवाद, शमुवेल, राजे. राजे वाचताना संदेष्टे सोबत घ्या: उत्तरेकडच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन इ.स.पूर्व ७२२ च्या सुमारास पडली, त्याआधीचे आमोस आणि होशेय. दक्षिणेकडच्या यहूदा राज्याची राजधानी यरुशलेम ५८६ च्या सुमारास पडली, त्याच्या आगेमागे यिर्मया. संदेष्टे कळत नाहीत अशी तक्रार करणारे बहुतेक जण त्यांना राज्यांच्या इतिहासापासून तोडून वाचत असतात. यानंतर लेवीय आणि इब्री एकत्र. स्तोत्र रोज एक, क्रमाने, मन असो वा नसो.

सावंतवाडी-मालवणकडच्या कॅथलिक वाचकांसाठी: तुमच्या बायबलात ७३ पुस्तकं आहेत, आमच्यात ६६, त्यामुळे क्रम थोडा बदलेल. पण रविवारच्या मिस्सेत जुन्या करारातलं वाचन बहुधा शुभवर्तमानाशी जुळेल असंच निवडलेलं असतं. ती दोन्ही वाचनं आदल्या रात्री घरी शेजारी ठेवून वाचलीत तर मी वर सांगितलेलं अर्धं काम तिथेच होतं.

शक्य तिथे पुस्तक एका बैठकीत आणि मोठ्याने वाचा. मार्कचं शुभवर्तमान दोन तासांच्या आत होतं. पावसात होड्या किनाऱ्याला लागलेल्या असतात तेव्हा आम्ही ते घरात बसून आळीपाळीने वाचतो. जुन्या भाषांतराची मराठी जड गेली तर सोपं भाषांतर शेजारी ठेवा. आणि एकट्याने अर्थ ठरवू नका. कृत्ये ८ मधला कूशी (इथिओपियाचा) षंढ अधिकारी रथात यशया संदेष्ट्याचं पुस्तक वाचत होता. समजतं का असं फिलिप्पाने विचारल्यावर, कोणी वाट दाखवल्याशिवाय कसं समजणार, असं तो म्हणाला. गटात एखादी मासे विकणारी बाई असेल तर खोट्या वजनकाट्यावरचं नीतिसूत्र ती माझ्याहून नेमकं समजावते.

शेवटी एक अवघड गोष्ट, कारण या क्रमात पुढे कधीतरी तुम्ही तिथे पोचणारच. यहोशवाच्या पुस्तकातला यरीहोचा संहार, किंवा स्तोत्र १३७ चा शेवट, जिथे बाबेलच्या तान्ह्या मुलांबद्दल जे म्हटलंय ते ऐकवत नाही. स्तोत्राबद्दल एवढं म्हणता येतं की ते घरदार जळलेल्या माणसांनी आपला संताप देवापुढे मांडलेला आहे. त्यांनी तलवार उचललेली नाही. यहोशवाबद्दल मी वेगवेगळी स्पष्टीकरणं वाचली आहेत आणि एकानेही माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. तिथे मी दोनच गोष्टी करते. पान उलटून पुढे जात नाही. आणि त्या पानाचा आधार घेऊन आज कुणी कुणाचा द्वेष करायला सांगितला, तर शत्रूंवर प्रीती करा म्हणणाऱ्या येशूचा शब्द त्याच्यापुढे ठेवते. तुम्ही यहोशवापर्यंत पोचलात की तुम्हाला काय दिसलं ते मला नक्की कळवा.